उइघुरांना परदेशी सरकारं मदत करतात म्हणजे नेमकं काय करतात?

प्रश्न असा आहे: "परदेशात राहणारे उइघुर नेते अमेरिका, युरोप, तुर्की अशा सरकारांकडे आपल्या मायदेशासाठी पाठिंबा मागत फिरतात. त्यातून आजवर त्यांच्या पदरात खरंच काही पडलं का? आणि तिबेटींना जवळ करणारा भारत उइघुरांच्या बाबतीत गप्प का?"

गेली अठरा वर्षं मी जिनेव्यात छोट्या संस्थांसाठी निवेदनं लिहिते, साक्षी नोंदवून घेते, संयुक्त राष्ट्रांच्या कार्यगटांकडे अर्ज करते. त्यात उइघुर आले, तिबेटी आले, इतरही आले. उत्तर थोडं लांबेल आणि रोजच्या कामाच्या अंगानं येईल.

आधी नावाचा घोळ निस्तरू. मराठीत तुर्कस्तान म्हटलं की इस्तंबूल-अंकारा डोळ्यांपुढे येतं. उइघुर म्हणजे चीनच्या वायव्येतले, तुर्की वळणाची भाषा बोलणारे मुस्लिम लोक. ते आपल्या भूमीला 'पूर्व तुर्कस्तान' म्हणतात, ती काशगर, खोतान, उरुमची, घुल्जा यांची भूमी. म्हणून खाली इस्तंबूलवाल्या देशाला मी तुर्की म्हणते. चीन या प्रदेशाला शिनजियांग म्हणतो. शब्दाचा अर्थ 'नवी सरहद्द', आणि त्या नावाचा प्रांत चिंग राजवटीनं १८८४ साली केला. चीनच्या भूभागाचा जवळजवळ सहावा हिस्सा तिथे आहे. २०२०च्या जनगणनेत उइघुरांची संख्या सुमारे १ कोटी १६ लाख होती. १९३३ साली काशगरला आणि १९४४ साली घुल्जाला पूर्व तुर्कस्तानचं प्रजासत्ताक जाहीर झालं होतं. पहिलं काही महिन्यांत संपलं. दुसरं सोव्हिएत रशियाच्या बळावर उभं राहिलं आणि रशियाचं गणित बदलताच कोसळलं. परकीय पाठिंब्याचा पहिला धडा उइघुरांनी तिथेच घेतला.

'पूर्व तुर्कस्तान' हे नाव किती महाग पडतं ते मी संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेच्या सभागृहात पाहिलं आहे. छतावरून रंगीत लोंबकळ्या खाली आलेलं ते वीस नंबरचं दालन. तिथे स्वयंसेवी संस्थेला बोलायला दीड मिनिट मिळतं. जागतिक उइघुर काँग्रेस या परदेशस्थ उइघुरांच्या संघटनेला संयुक्त राष्ट्रांची सल्लागार मान्यता नाही, त्यामुळे तिच्या माणसांना दुसऱ्या एखाद्या मान्यताप्राप्त संस्थेच्या पाटीमागे बसून बोलावं लागतं. एकदा एका तरुणीचं निवेदन मी घड्याळ लावून चारदा वाचून घेतलं होतं, शेवटच्या वाचनात पंच्याऐंशी सेकंद. प्रत्यक्षात दुसऱ्याच वाक्यात तिनं 'पूर्व तुर्कस्तान' म्हटलं आणि समोरून चीनच्या प्रतिनिधीनं देशाची पाटी उभी धरली. हरकतीचा मुद्दा. मग अध्यक्षांनी संयुक्त राष्ट्रांची परिभाषा वापरण्याची आठवण करून दिली आणि पुढे बोलायला सांगितलं. हरकतीचा वेळ तिच्या खात्यात धरत नाहीत, पण तिचा सूर गेला तो गेलाच. भावाच्या अटकेची तारीख सांगायची राहून गेली. बाहेर कॉफीच्या यंत्रापाशी ती मला म्हणाली, "ताई, नाव नाही घेतलं तर मी आलेच कशाला?" उत्तर माझ्याकडे नव्हतं, आजही नाही.

दुसरा प्रसंग म्युनिकहून आलेल्या एका पन्नाशीच्या गृहस्थांचा. प्लास्टिकच्या पाकिटात बहिणीचा फोटो, सोबत हातानं लिहिलेली अकरा पानं. त्यांत १७५९ सालची चिंग फौजांची स्वारी होती, दोन्ही प्रजासत्ताकं होती, मशिदी पाडल्याचं होतं. बहीण थेट नवव्या पानावर. बेपत्ता व्यक्तींच्या कार्यगटाचा अर्ज मी त्यांच्यापुढे ठेवला आणि विचारायला लागले: पूर्ण नाव, चिनी अक्षरांत नाव, जन्मतारीख, ओळखपत्राचा क्रमांक, शेवटचं कोणी पाहिलं, कधी, कुठे, घेऊन जाणारे गणवेशात होते का. ते चिडले. "मी तुम्हाला देश सांगतोय आणि तुम्ही मला ओळखपत्राचा क्रमांक विचारता!"

माझं उत्तर खरं तर याच भांडणात आहे. सरकारं दुसऱ्याचा देश मिळवून देत नाहीत. त्यांच्या हातात असतो स्वतःचा कायदा: कोणाला आत घ्यायचं, कोणाला परत पाठवायचं, बंदरावर कोणता माल अडवायचा, कोणाचं बँक खातं गोठवायचं. उइघुरांना जे काही मिळालं ते या चार-पाच खिडक्यांवर. देश मागितला तिथे टाळ्या पडल्या.

मी मूळची साताऱ्याची, त्यामुळे मला रंगो बापूजी आठवल्याशिवाय राहत नाहीत. छत्रपती प्रतापसिंहांना १८३९ साली कंपनीनं पदच्युत केलं आणि त्यांचा हा वकील लंडनमध्ये तेरा-चौदा वर्षं तळ ठोकून राहिला. भाषणं केली, पत्रकं छापली, पार्लमेंटात प्रश्न विचारायला लावले, कर्जबाजारी झाला. सहानुभूती भरपूर मिळाली. महाराज १८४७ साली काशीत वारले, राज्य १८४८ साली खालसा झालं, आणि रंगो बापूजी रित्या हातानं परतले. दाद मागायची ती ज्यानं राज्य घेतलं त्याच्याच दारात, असा तो पेच होता. उइघुरांना निदान तिसऱ्याचं दार आहे. पण त्या तिसऱ्याचेही चीनशी व्यवहार असतात.

तुर्कीचंच पाहा. १९४९ साली चिनी लाल सेना आली तेव्हा ईसा युसूफ आल्पतेकिन आणि मुहम्मद अमीन बुग्रा हे नेते काराकोरम ओलांडून लडाखात उतरले. लेह ते यारकंद हा जुना व्यापारी रस्ता, त्यामुळे वाट ठाऊक होती. काही काळ श्रीनगरात काढून ते तुर्कीत गेले. भाषा जवळची, धर्म एक, आणि १९५२ साली तुर्कीनं उइघुर-कझाक निर्वासितांना आसरा द्यायचं ठरवलंही होतं. आल्पतेकिन १९९५ साली इस्तंबूलमध्ये वारले तोवर ते एकेका राजधानीचे उंबरे झिजवत राहिले. त्याच वर्षी इस्तंबूलच्या महापौरांनी सुलतानअहमद भागातल्या बागेला त्यांचं नाव दिलं आणि चीननं निषेध नोंदवला. ते महापौर म्हणजे रेजेप तय्यिप एर्दोआन. पुढे पंतप्रधान असताना, जुलै २००९च्या उरुमचीतल्या हिंसाचारानंतर त्यांनी जवळजवळ वंशसंहार असे शब्द वापरले. फेब्रुवारी २०१९मध्ये तुर्कीच्या परराष्ट्र खात्यानं, चीननं उइघुरांना डांबून ठेवलेल्या छावण्यांना मानवतेला लांच्छन म्हटलं. आणि याच तुर्कीनं २०१७ साली चीनशी प्रत्यार्पणाचा करार करून ठेवला. चीननं तो २०२०च्या डिसेंबरात मंजूर केला, तुर्कीच्या संसदेनं केलेला नाही. पण कागद टेबलावर आहे एवढ्यानंच इस्तंबूलच्या उइघुर वस्तीत झोप उडते. चिनी वकिलात पासपोर्टचं नूतनीकरण करत नाही, मायदेशी जाऊन करा म्हणते. मुदत संपलेला पासपोर्ट हातात असलेल्या माणसाला बागेच्या नावापेक्षा राहण्याचा परवाना हवा असतो.

म्युनिक हे केंद्र कसं झालं, तर रेडिओमुळे. शीतयुद्धात अमेरिकी पैशावर चालणारं रेडिओ लिबर्टी तिथे होतं, त्यात उइघुर विभाग होता, आणि आल्पतेकिन यांचे चिरंजीव एर्किन तिथे नोकरीला होते. १९९१ साली हेग इथे प्रतिनिधित्व नसलेल्या राष्ट्रांची संघटना उभी राहिली तिच्या संस्थापकांत ते होते. २००४ साली म्युनिकमध्ये जागतिक उइघुर काँग्रेस स्थापन झाली, तिचे पहिले अध्यक्षही तेच. त्याच वर्षी वॉशिंग्टनमध्ये दुसऱ्या गटानं पूर्व तुर्कस्तानचं परागंदा सरकार जाहीर केलं. अमेरिकेनं त्याला मान्यता दिली नाही. उइघुर काँग्रेसवाले मानवी हक्क आणि स्वयंनिर्णय अशी भाषा बोलतात, परागंदा सरकारवाले व्याप्त देश आणि स्वातंत्र्य अशी. दोघांत विस्तव जात नाही. आमच्या धंद्यातले बरेचजण दुसऱ्या गटाला हसतात. मी हसत नाही. २०२० साली आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात त्यांनीच अर्ज नेला. युक्तिवाद असा की चीन न्यायालयाचा सदस्य नसला तरी ताजिकिस्तान आणि कंबोडिया आहेत, आणि तिथून उइघुरांना उचलून चीनमध्ये नेलं, म्हणजे गुन्ह्याचा एक भाग सदस्य देशाच्या भूमीवर घडला. रोहिंग्यांच्या प्रकरणात हीच वाट चालली होती. त्या वर्षाच्या डिसेंबरात अभियोक्त्यांनी ती इथे लागू होत नाही असं सांगितलं, पण युक्तिवाद पोकळ नव्हता.

आता मिळालं काय. अमेरिकेत जून २०२०मध्ये उइघुर मानवी हक्क धोरण कायदा झाला. जुलैत शिनजियांगचे पक्षसचिव चेन छुआनगुओ यांच्यावर निर्बंध आले. २३ डिसेंबर २०२१ रोजी सक्तमजुरी प्रतिबंधक कायद्यावर सही झाली, आणि जून २०२२पासून तो अमलात आला. मला सगळ्यांत दमदार वाटतो तो हाच. शिनजियांगचा माल, किंवा त्यातला कापूस, टोमॅटो, सौरपट्ट्यांचं पॉलिसिलिकॉन असलेला कुठल्याही देशातला माल, सक्तमजुरीचा आहे असं कायदा आधीच गृहीत धरतो. तसा नाही हे आयातदारानं सिद्ध करायचं. जगातला सुमारे पाचवा हिस्सा कापूस शिनजियांगात पिकतो, यावरून या एका कलमाचा पल्ला लक्षात यावा. युरोपीय संघानंही २०२४ साली सक्तमजुरीच्या मालावर बंदीचा नियम केला. तो डिसेंबर २०२७पासून लागू होईल आणि सिद्ध करण्याचं ओझं सरकारी यंत्रणेवरच राहील. दोन्ही कायद्यांवर टाळ्या सारख्याच पडल्या. जोर सारखा नाही.

संसदांचे ठराव झाले ते वेगळे. फेब्रुवारी २०२१मध्ये कॅनडाच्या कनिष्ठ सभागृहानं २६६ विरुद्ध शून्य मतांनी वंशसंहार हा शब्द वापरला, पण मंत्रिमंडळ मतदानापासून दूर राहिलं. मग नेदरलँड्स, ब्रिटन, लिथुआनिया, फ्रान्स इथल्या सभागृहांनी कमी-अधिक त्याच शब्दांत ठराव केले. सरकारला बांधणारं त्यात फारसं नाही. मला कॅनडाचा २०२३चा ठराव अधिक मोलाचा वाटतो: तिसऱ्या देशांत अडकलेल्या दहा हजार उइघुरांना आत घ्यावं. तोही बंधनकारक नाही, तरी त्यात आकडा आहे आणि काम आहे. पुढच्या वर्षी जाऊन "किती आले?" असं विचारता येतं.

आणि सगळ्यांत कमी गाजलेली मदत म्हणजे परत न पाठवणं. एप्रिल २०१८मध्ये म्युनिकहून एका बावीस वर्षांच्या उइघुर तरुणाला चीनला पाठवून देण्यात आलं, त्याचा आश्रयाचा अर्ज चालू असताना. सुनावणी आहे असा फॅक्स एका कार्यालयानं दुसऱ्याला पाठवला होता म्हणे. दुसरं म्हणालं, मिळालाच नाही. एका फॅक्सवर माणूस गेला. ऑगस्टमध्ये जर्मनीनं उइघुरांना चीनला पाठवणं थांबवलं, पुढच्या वर्षी स्वीडननं शिनजियांगहून आलेल्या उइघुरांना निर्वासित मानायचं ठरवलं. या निर्णयांसाठी कोणी मोर्चा काढला नव्हता. वकिलांनी खात्याला पत्रं लिहिली, संसद सदस्यांनी प्रश्न विचारले.

हे जिथे नाही तिथे काय होतं ते आग्नेय आशियात दिसतं. डिसेंबर २००९मध्ये कंबोडियानं वीस उइघुरांना चीनच्या हवाली केलं, आणि दोनच दिवसांत तेव्हाचे उपाध्यक्ष शी जिनपिंग येऊन सुमारे १२० कोटी डॉलरच्या करारांवर सह्या करून गेले. थायलंडनं जुलै २०१५मध्ये १०९ जणांना पाठवलं. उरलेल्यांपैकी चाळीस जणांना, दशकभर कोठडीत ठेवून, फेब्रुवारी २०२५मध्ये पाठवलं. त्यांना घ्यायला दुसरे देश तयार होते.

या मदतीची किंमतही सांगायला हवी, कारण लोक इथे फसतात. मदत करणारं सरकार तुमच्यासाठी चीनशी भांडत नसतं. त्याचं चीनशी भांडण असतं आणि त्यात तुम्ही सापडता. राबिया कदीर यांची गोष्ट घ्या. उरुमचीच्या श्रीमंत व्यापारी, चीनच्या राजकीय सल्लागार परिषदेच्या सदस्य. ऑगस्ट १९९९मध्ये अमेरिकी संसदेच्या लोकांना भेटायला निघाल्या असताना त्यांना अटक झाली. आरोप राज्याची गुपितं फोडल्याचा. गुपितं म्हणजे अमेरिकेतल्या नवऱ्याला पाठवलेली वर्तमानपत्रांची कात्रणं. १७ मार्च २००५ रोजी सुटका, अमेरिकेच्या तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री कोंडोलिझा राइस बीजिंगला पोहोचायच्या दोन-तीन दिवस आधी. त्याच दिवशी अमेरिकेनं जाहीर केलं की जिनेव्यात यंदा चीनविरुद्ध ठराव मांडणार नाही. एक बाई सुटली, एक ठराव मेला. त्यांच्या जागी मी असते तर तो सौदा नाकारला नसता, पण सौदा होता. पुढे त्या जागतिक उइघुर काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्या आणि मायदेशात त्यांच्या दोन मुलांना तुरुंगवासाच्या शिक्षा झाल्या.

तीच अमेरिका २००२ साली चीनच्या मागणीवरून 'पूर्व तुर्कस्तान इस्लामी चळवळ' या गटाला दहशतवादी ठरवत होती. चीननं ते लेबल नंतर वाटेल त्या उइघुराला चिकटवलं. २०२०च्या अखेरीस अमेरिकेनं आपल्या एका यादीतून तो गट काढला. ग्वांतानामो या अमेरिकी लष्करी तुरुंगात बावीस उइघुर अडकले होते, धोकादायक नाहीत असं अमेरिकेलाच पटूनही वर्षानुवर्षं. चीनला द्यायचे नाहीत आणि स्वतः घ्यायचेही नाहीत, म्हणून ते अल्बानिया, बर्म्युडा, पलाऊ, स्वित्झर्लंड, एल साल्वादोर, स्लोव्हाकिया इथे वाटले गेले. शेवटचे तिघे डिसेंबर २०१३मध्ये सुटले. आणि १९९८पासून उइघुर भाषेत बातम्या देणारा, छावण्यांच्या बातम्या सर्वांआधी बाहेर काढणाऱ्यांतला रेडिओ फ्री एशियाचा विभाग मे २०२५मध्ये बंद पडला, कारण वॉशिंग्टननंच पैसे थांबवले. बीजिंगला जे सत्तावीस वर्षं जमलं नाही ते असं झालं.

मुस्लिम देशांचं काय, असं लोक हमखास विचारतात. इस्लामी सहकार्य संघटनेनं मार्च २०१९मध्ये अबुधाबीत चीननं आपल्या मुस्लिम नागरिकांची काळजी घेतल्याबद्दल प्रशंसा केली. एवढं पुरे.

संयुक्त राष्ट्रांत सगळ्यांत जवळ पोहोचलो ते ऑक्टोबर २०२२मध्ये. ३१ ऑगस्टला, मानवी हक्क उच्चायुक्त मिशेल बाशेले यांची मुदत संपायला काही मिनिटं उरलेली असताना अहवाल आला: शिनजियांगात जे झालं ते मानवतेविरुद्धचे गुन्हे ठरू शकतं. मग परिषदेत या अहवालावर नुसती चर्चा करू या असा प्रस्ताव आला. निषेध नाही, चौकशी नाही, चर्चा. १७ बाजूनं, १९ विरुद्ध, ११ तटस्थ. प्रस्ताव पडला. इस्लामी संघटनेच्या सदस्यांपैकी सोमालिया एकटाच बाजूनं होता. पाकिस्तान, इंडोनेशिया, कतार विरुद्ध. तटस्थांत भारत.

आता तुमचा दुसरा प्रश्न. दुसऱ्या दिवशी आपलं परराष्ट्र खातं म्हणालं की विशिष्ट देशाविरुद्धच्या ठरावांवर भारत सहसा मतदान करत नाही, पण शिनजियांगच्या लोकांच्या मानवी हक्कांचा मान राखला जावा. उइघुरांनी त्या दुसऱ्या अर्ध्या वाक्याचंही स्वागत केलं, यावरून त्यांची भूक कळावी. गप्प का, तर स्वयंनिर्णय हा शब्द दुसऱ्यासाठी उच्चारला की तो काश्मीरच्या संदर्भात आपल्याकडे परत फेकला जाईल, ही जुनी धास्ती. शिवाय २०१७पासून आपण चीनच्या पुढाकारातल्या शांघाय सहकार्य संघटनेत आहोत, आणि तिच्या जाहीरनाम्यांत 'फुटीरतावाद' हा शब्द दहशतवादाच्या शेजारीच बसवलेला असतो. तिबेटशी तुलना मला पूर्ण पटत नाही. तिबेटींना आसरा १९५९ साली दलाई लामा स्वतः आले म्हणून मिळाला. त्यांच्या परागंदा प्रशासनाला आपणही सरकार म्हणून मान्यता दिलेली नाही.

एप्रिल २०१६चा प्रकार मात्र आठवावा. जैश-ए-महंमदचा म्होरक्या मसूद अझहर याला संयुक्त राष्ट्रांच्या दहशतवाद्यांच्या यादीत टाकण्याचा भारताचा प्रयत्न चीननं नुकताच अडवला होता. तेवढ्यात जागतिक उइघुर काँग्रेसचे दोल्कुन ईसा यांना धरमशालेच्या परिषदेसाठी भारताचा व्हिसा मिळाल्याची बातमी आली. आपल्याकडे काही वाहिन्यांनी विजयोत्सव केला. काही दिवसांत व्हिसा रद्द, कारण चीनच्या सांगण्यावरून त्यांच्यावर इंटरपोलची रेड नोटीस होती. ती नोटीस फेब्रुवारी २०१८मध्ये इंटरपोलनंच मागे घेतली. चीनला डिवचायला उइघुर हाती धरायचे आणि डोळे वटारले की सोडून द्यायचे, याला पाठिंबा म्हणत नाहीत.

भारतानं काय करावं असं मला विचारलंत, तर मी परिषदेतल्या मतापासून सुरुवात करणार नाही. २०१३च्या जूनमध्ये तीन उइघुर भाऊ लडाखात सरहद्द ओलांडताना पकडले गेले. बेकायदा प्रवेशाची दीड वर्षाची शिक्षा त्यांनी भोगली. त्यानंतर सार्वजनिक सुरक्षा कायद्याखाली स्थानबद्धतेचे आदेश पुन्हा पुन्हा निघत गेले आणि दशक उलटलं. ज्या वाटेनं आल्पतेकिन आले त्याच भागातून हे आले. निर्वासितांसाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही, १९५१च्या करारावर आपली सही नाही, म्हणून त्यांना घुसखोर यापलीकडे नाव नाही. परत पाठवायचं नाही आणि सोडायचंही नाही, एवढंच ठरलेलं दिसतं. इथे ठराव लागत नाही, बीजिंगला विचारावंही लागत नाही. एखाद्या खासदारानं गृहखात्याला लेखी प्रश्न विचारला तरी फाइल हलते.

म्युनिकच्या त्या गृहस्थांचं सांगायचं राहिलं. रागानं निघून गेले होते. पाच-सहा आठवड्यांनी त्यांचं पाकीट आलं. बहिणीच्या जुन्या घरनोंदणी पुस्तिकेच्या एका पानाची छायाप्रत, कडा दुमडलेली, अठरा आकडी क्रमांकाखाली निळ्या पेननं रेघ. सोबत ती अकरा पानंही होती, या खेपेला टंकलिखित. क्रमांक मी अर्जात भरला. पानं अर्जाला जोडता येत नाहीत. ती माझ्या कपाटात आहेत.